देऊळघाटच्या बरणीत किमची

मी बरणी बोलतेय. नाक दाबू नका. झाकणाला येतो तो वास किमचीचा आहे. दोनदा राखेने घासलं, चार दिवस गच्चीवर उन्हात ठेवलं, तरी तो जायला तयार नाही. पाहुणा म्हणून आला आणि घरजावई होऊन बसला.

मी चिनी मातीची. गळ्याशी तपकिरी, खाली पांढरी, पाच किलो कैऱ्यांचं लोणचं मावेल एवढं पोट. गवतात गुंडाळून रेल्वेने जलंबला उतरले, तिथून खामगावला. खामगावच्या बाजारात सत्यभामाबाईच्या वडिलांनी मला बोटाने टकटक वाजवून पाहिलं आणि लेकीच्या रुखवतात मांडायला घेतलं. लग्नात रुखवत पाहायला आलेल्या बायांनी माझ्यात डोकावून पाहिलं आणि "रिकामीच देल्ली व!" म्हणत पुढे गेल्या. माणूसजातीशी माझी ओळख ही अशी झाली.

तेव्हापासून मी देऊळघाटात आहे. बेचाळीस उन्हाळे झाले.

सत्यभामाबाईचं लोणचं म्हणजे गावात एक प्रकरण होतं. ज्या दिवशी लोणचं घालायचं त्या दिवशी ती पहाटे डोक्यावरून पाणी घ्यायची, कोणाशी बोलायची नाही, आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायची. न्यायाधीशही एवढा गंभीर बसत नसेल. लोणचं भरून झालं की झाकण, आणि झाकणावर दादरा. दादरा म्हणजे माझ्या तोंडावर बांधतात ते धुवट फडकं. त्याची गाठ ही तिची खास: तीन वेढे, एक फास, आणि टोक आत खोचलेलं. ती गाठ फक्त तिलाच येते अशी तिची समजूत. कोणी उघडलं तर लगेच कळेल म्हणून तिने ती मुद्दाम शोधून काढली होती.

आता मी सांगते. ती गाठ आणखी एकाला येत होती. तिच्या नवऱ्याला.

भगवानराव शाळेत कारकून होते, आता पेन्शनीत आहेत. सत्यभामाबाई जेवताना त्यांना लोणच्याची एकच फोड वाढायची, आणि त्यांचा जीव दुसरीत अडकलेला असायचा. मग ती अंगणात गेली की हे उठायचे. एका हातात ताट, दुसऱ्या हाताने गाठ. टोक ओढलं, फास सैल, फडकं बाजूला, झाकण वर, चमचा आत. फोड तोंडात गेली की त्याच हाताने पुन्हा तीन वेढे, फास, टोक आत. बघायलाही लागायचं नाही. सरकारी नोकरीत माणूस एवढं कसब कधी दाखवत नाही.

चमचा तेवढा पुसायचे नाहीत. तो कधी वरणातला, कधी ताकातला. ओला चमचा तेलाच्या लोणच्यात गेला की काय होतं ते मला विचारा. पोटात कळ येते. पण बहुतेक वर्षी तेल वर चांगलं बोटभर असायचं आणि मी निभावून न्यायचे. बाईमाणसासारखंच, निभावलं की कोणाच्या लक्षातही येत नाही.

एका वर्षी निभावलं नाही. एकोणीस वर्षं झाली त्याला. त्यांच्या मुलाचं, सागरचं, नुकतंच लग्न झालं होतं आणि संजीवनी नवी सून म्हणून घरात आली होती. दिवस दमट होते, तेल कमी पडलं होतं, आणि भगवानरावांनी ताकाचा निथळता चमचा माझ्यात दोन दिवस लागोपाठ घातला. आठवड्यात वर पांढरी बुरशी आली.

सत्यभामाबाईने दादरा सोडला, आत पाहिलं आणि तिथेच ओरडली.

"कोण शिवलं माह्या बरणीले?"

"मी जराशी सरकवली होती, आई," संजीवनी म्हणाली. "खाली झाडायचं होतं."

"कवा?"

"मंगळवारी."

सत्यभामाबाईने बोटांवर दिवस मोजले. "मंगळवारी तं तू बाहेर होती!"

बाहेर म्हणजे पाळी. या घरात बाई चार दिवस घरातच असते, झाडते, धुणं धुते, कपडे वाळत घालते, आणि तरी ती बाहेर असते. हे गणित मला बेचाळीस वर्षांत सुटलेलं नाही.

"पण मी उघडली नाही, आई. नुसती सरकवली."

"मले माहीत हाय तू उघडली नाही. गाठ माहीच हाय. पण हात तं लागला न! हात लागल्यानंच नासलं!"

बघा तर्क कसा पक्का. गाठ जशीच्या तशी, म्हणजे कोणी उघडलं नाही. उघडलं नाही तरी नासलं, म्हणजे विटाळ. भगवानराव बाजूलाच खुर्चीत पेपर वाचत होते. मी वाट पाहत राहिले. आता बोलतील, मग बोलतील. त्यांनी पान उलटलं.

मला तोंड केवढं मोठं, पण त्याला फडकं बांधलेलं. नाहीतर त्या दिवशी असं काही सुनावलं असतं की पेपर हातातून पडला असता. संध्याकाळी सागर कामावरून आला. त्याने बायकोचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जाऊ दे न, आईचा स्वभावच तसा हाय." नवऱ्यांना हे वाक्य कुठे शिकवतात, देव जाणे. सगळ्यांना तोंडपाठ असतं.

त्या दिवशी ते लोणचं उकिरड्यावर गेलं आणि संजीवनीचं नावही त्याच्याबरोबर गेलं. संजीवनीला हातगुण नाही, हे गल्लीत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्यांना माहीत झालं. उन्हाळ्यात बाया जमून कुरडया घालायच्या, पापड लाटायच्या, शेवया करायच्या. संजीवनी गेली की कोणीतरी गोड आवाजात म्हणायचं, "तू गच्चीवर बस बाई, कावळे हाकल." एकोणीस उन्हाळे ती गच्चीवर बसून कावळे हाकलत होती. खाली हसण्याचा आवाज यायचा तेव्हा ती कठड्यावरून वाकून पाहायची. पहिली चौदा वर्षं मीही शेजारीच उन्हात वाळत असायचे. मला तिचं फार वाईट वाटायचं आणि माझा स्वतःचा राग यायचा.

पुढे सत्यभामाबाईचे गुडघे गेले. लोणचं दुकानातल्या पाकिटातून यायला लागलं आणि मला माळ्यावर चढवलं. तिथे एक मोडका पंखा, जुनी सतरंजी आणि मी. पाच वर्षं आम्ही तिघं एकमेकांशी न बोलता काढली.

आणि मग अनुपमाला कोरिया झाला.

अनुपमा म्हणजे संजीवनीची लेक, बारावीला, बुलढाण्याला कॉलेजात जाते. तिच्या मोबाईलमध्ये गोऱ्यापान गालांची पोरं दिवसभर रडतात आणि रडून झालं की जेवतात. जेवतात म्हणजे किमची आणि भात. अनुपमाच्या मनाने घेतलं की आपणही किमची फ्राइड राइस करायचा, आणि तोही घरच्या किमचीचा. चैत्राचे दिवस होते. सत्यभामाबाई भजनी मंडळाबरोबर हिवरा आश्रमला दोन रात्री मुक्कामी गेली, आणि त्याच सकाळी पोरगी आईच्या मागे लागली.

"मम्मी, माळ्यावरची बरणी काढून दे न."

"वेडी झाली का व! आजीच्या बरणीले हात नोको लावू. काचेच्या बाटलीत कर."

"काचेची फुटते. त्याच्यात गॅस होते. थे व्हिडिओतली बाई मातीच्याच भांड्यात करते."

"आन आज तुहा दुसरा दिवस हाय," संजीवनी आवाज खाली आणून म्हणाली.

"म्हणूनच तं आज करायची हाय."

 संजीवनीचे डोळे भरून आले. "अनू, नासलं तं तुहं बी नाव पडंन. माहं पडलं तसं. मंग जिंदगीभर कावळे हाकलत बसशीन."

"आन नाही नासलं तं?"

  संजीवनीनेच स्टूल ओढलं, पदर खोचला, वर चढली आणि मला दोन्ही हातांनी खाली घेतलं. एकोणीस वर्षांनी तिचा हात लागला मला. 

"धुवून घे. मंग कोरडी खडखडीत कर," ती लेकीला म्हणाली. "बरणी कोरडी पाह्यजे, बाकी काही नाही." म्हणजे तिला सगळं माहीत होतं. विचारलं कोणी नव्हतं, एवढंच.

आता किमचीची कथा ऐका. मोबाईलमधल्या बाईला लागते लांबट चिनी कोबी. बुलढाण्याच्या बाजारात मिळाला गोल पत्ताकोबी. तिला लागते मासळीची चटणी; अनुपमाने ती ऐकलीच नाही असं दाखवलं. बाई म्हणाली एक वाटी लाल तिखट घाला. अनुपमा घरचं तिखट वाटीने मोजायला लागली तशी संजीवनी धावली. "थांब व! थ्या बाईचं तिखट येगळं, आपलं येगळं. हे एक वाटी खाल्लं तं तुह्या कोरियाची पोरं खरीखुरी रडतीन." मग दोन चमचे घरचं, बाकी रंगाला बेडगी.

कोबी चिरून मिठात दोन तास ठेवला, धुतला, निथळला. तांदळाच्या पिठाची पेज केली, त्यात तिखट, लसूण, आलं, मुळ्याच्या काड्या, कांद्याची पात. अनुपमाने उघड्या हातांनी सगळं कालवलं आणि माझ्यात दाबून दाबून भरलं. मी श्वास रोखून बसले होते. मीही याच घरात वाढलेली ना! बेचाळीस वर्षं ऐकत आले की असा हात लागला की नासतं. एक क्षणभर मलाही वाटलं, आता काहीतरी होणार. खोटं कशाला बोलू.

काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पोटात बुडबुडे यायला लागले. तिसऱ्या दिवशी मी चक्क ढेकर देत होते. अनुपमा झाकण उचलायची, वास घ्यायची आणि नाचायची. संजीवनी मात्र दर तासाने येऊन आत पाहायची, बुरशी आली का म्हणून. रस वर होता, कोबी खाली होता, रंग लालबुंद होता.

त्याच दिवसांत ओसरीवर कुरडयांचा गहू भिजत होता, तीन दिवस. सत्यभामाबाई त्याचं पाणी बदलायचं काम शेजारच्या मंजुश्रीला सांगून गेली होती. सुनेला नाही, हातगुणाचा प्रश्न ना! मंजुश्री एकदा आली आणि दुसऱ्या दिवशी विसरली. पाणी संजीवनीनेच बदललं. पुढे कुरडया पांढऱ्याशुभ्र झाल्या तेव्हा सत्यभामाबाईने सगळ्या गल्लीत मंजुश्रीचं कौतुक केलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सत्यभामाबाई परतली. उंबऱ्यातच थांबली.

"अव माय! काय मेलं माह्या घरात?"

मग मी दिसले. मग आतला कोबी दिसला. "सडला हा! माह्या रुखवताच्या बरणीत सडका कोबी! फेक, आताच्या आता उकिरड्यावर फेक!"

"आजी, सडला नाही, आंबला," अनुपमा म्हणाली. "ओसरीवर तुहा गहू तीन दिवसांपासून आंबून राह्यला न, तसा."

"थो गहू हाय!"

"त्याचा वास?"

"थो वास नाही, थो चीक हाय!"

ऐका. गहू सडवून त्याचा सुगंध छातीभर घेणारी, कैरी वर्षभर मुरवणारी ही माणसं, कोबी आंबला म्हटल्यावर नाकाला पदर लावतात. मी हसले असते, पण पोट भरलेलं होतं.

"कोणाच्या हातचं हाय हे?" सत्यभामाबाईने सुनेकडे पाहत विचारलं.

"माह्या हातचं नाही, आई," संजीवनी म्हणाली. 

"आजी, सकाळी याचा भात करते," अनुपमा मध्ये आली. "एक घास खा. नाही आवडला तं मी स्वतः फेकते, आन पुन्हा जिंदगीत बरणीले हात लावत नाही."

सत्यभामाबाईने माझ्या तोंडावर फडकं टाकलं आणि गाठ मारली. तीन वेढे, फास, टोक आत. "वास तं कोंडू दे," म्हणाली.

सकाळी भात झाला. आदल्या संध्याकाळचा मोकळा शिळा भात, लोखंडी कढई, जब्बारभाईच्या घाण्याचं तिळाचं तेल. किमची चिरून आधी तेलात परतली, मग भात, मग किमचीचाच लाल रस, थोडा सोया सॉस, वरून भाजलेले तीळ. मोबाईलमधली बाई वर अंडं घालते. या घरात अंडं चालत नाही. बुलढाण्याच्या स्टँडवरच्या गाडीवर भगवानरावांना चालतं, आणि तेही डबल, पण घरात चालत नाही. किमची काढून झाल्यावर सत्यभामाबाईने सवयीने दादरा पुन्हा बांधला आणि मला ओट्याच्या कडेला ढकललं.

सगळे जेवायला बसले. सत्यभामाबाईने एक घास घेतला. चावला. दुसरा घेतला.

"हा तं फोडणीचा भातच हाय," ती म्हणाली. "नाव तेवढं मोठं. जरासा आंबट हाय." मग ताट पुढे केलं. "वाढ जरासा."

संजीवनीने पहिल्यांदा श्वास सोडला.

आणि भगवानराव उठले. आंबट तोंडाला लागलं होतं ना. एका हातात ताट, तोंडाने अनुपमाशी बोलत, माझ्याकडे न पाहता त्यांनी दुसरा हात पुढे केला. टोक ओढलं, फास सैल, फडकं बाजूला, झाकण वर. ताकातला चमचा निथळत आत गेला. किमची तोंडात. आणि त्याच हाताने तीन वेढे, फास, टोक आत.

 सत्यभामाबाईचा शेवटचा घास हातातच राहिला.

"ही गाठ तुमाले येते?"

भगवानराव दचकले. "कोणती गाठ?"

"एका हातानं! न पाहता! कवापासून येते?"

"कवापासून म्हंजे... लग्नापासूनच म्हना."

"आन चमचा ताकाचा!" सत्यभामाबाईचा आवाज फुटला.

"आबाजी," संजीवनीने हळूच विचारलं. लेक आजोबांना जी हाक मारते, तीच हाक ती सासऱ्यांना मारते. "माह्या लग्नाच्या वर्षी लोणचं नासलं होतं, तवा बी?"

भगवानरावांनी पेपर शोधला. पेपर जवळ नव्हता. "हाव," ते शेवटी म्हणाले. "ताकाचाच होता. मी बोलणार होतो व पोरी, पण तुही सासू चिडली होती. म्हटलं, होईन दोन दिवसांत शांत."

"एकोणीस वर्षं कावळे हाकलले मी, आबाजी," संजीवनी म्हणाली, आणि ती रडायला लागली. हुंदके देऊन, पदराने तोंड न झाकता. मला वाटलं माझाही एखादा टवका उडेल.

अनुपमाने उरलेलं सांगून टाकलं. "आजी, ही किमची मी माह्या दुसऱ्या दिवशी केली. सगळी हातानं कालवली. नासली का?"

सत्यभामाबाईने ताटाकडे पाहिलं. ताट पुसून स्वच्छ होतं. आता पोटातून बाहेर तर काढता येत नाही! ती उठली, हात धुतले आणि देवघरासमोर जाऊन बसली. देवाशी काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. माफी मात्र कोणीच मागितली नाही. माणसं लोणचं फेकायला उकिरड्यापर्यंत चालत जातात, पण सुनेजवळ दोन शब्द बोलायला ओट्यापर्यंत येत नाहीत.

महिना दीड महिना घरात जपून बोलणं चाललं. मग कैऱ्या आल्या. सत्यभामाबाईने फोडी करून घेतल्या, मीठ-हळद लावली, मसाला परतला, तेल तापवून गार केलं. मला घासून, वाळवून ओट्यावर ठेवलं. तिचे गुडघे दुखत होते, पण ती स्टुलावर बसून राहिली. मग आतल्या खोलीकडे तोंड करून तिने हाक मारली.

"संजीवनी, ये व, बरणी भर."

संजीवनी दाराशी आली. आत आली नाही. "आई, आज माहा दुसरा दिवस हाय."

सत्यभामाबाईने आधी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीतल्या नवऱ्याकडे पाहिलं. ते पेपरच्या मागे आणखी आत सरकले. मग सुनेकडे पाहिलं.

"मंग काय झालं?" ती म्हणाली. "हात कोरडे हायेत न?"

संजीवनीने हात पदराला पुसले. कोरडेच होते, तरी तिने तीनदा पुसले. आणि मग मला भरलं, गळ्यापर्यंत, वर बोटभर तेल. दादराही तिनेच बांधला. गाठ तिची स्वतःची आहे, सासूलाही येत नाही.

आता मी ओट्यावर असते, माळ्यावर नाही. लोणचं छान मुरलंय. या उन्हाळ्यात शेवयांना बाया जमल्या तेव्हा संजीवनी खाली पाटावर बसली होती आणि गच्चीवर कावळे हाकलायला सत्यभामाबाईने नवऱ्याला बसवलं. फार चांगले हाकलतात, आवाज मोठा आहे. एकोणीस वर्षं नुसता वापरला नव्हता.

माझं मागणं थोडं आहे. तुमच्या घरी लोणचं नासलं, तर आधी चमचे पाहा, सुनेकडे नंतर पाहा. चला, आता गप्प बसते. भगवानराव ताट घेऊन इकडेच येतायत. पाच मिनिटं झाली, गाठ चाचपतायत, सुटत नाहीये. संजीवनी मागे येऊन उभी राहिलीय, हातात कोरडं फडकं घेऊन.

"चमचा द्या, आबाजी," ती म्हणतेय. "पुसून देते."